बीफ स्टर-फ्रायमध्ये एवढं पाणी येतं कुठून

परवा रात्री नऊच्या सुमारास धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला, तो बीफ स्टर-फ्राय, म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतलेलं मांस आणि भाजी, करत होता. हॅलो नाही काही नाही, कॅमेरा सरळ पॅनवर धरलेला आणि मागून आवाज, "ताई हे बघ ना, किती पाणी सुटलंय, आता काय करू?" बघितलं तर बीफच्या पट्ट्या करड्या पाण्यात पोहतायत, त्यातच ब्रोकोली, त्यातच सिमला मिरची, गाजर, सगळं एकदमच टाकलेलं, आणि आवाज येतोय खदखद खदखद, रस्सा उकळताना येतो तसा. मी म्हटलं, "अरे आता काही करू नकोस, गॅस मोठाच राहू दे, पाणी आटलं की खाऊन घे." त्याने खाल्लं. नंतर मेसेज आला की चव ठीक आहे पण मांस वातड झालंय, चावून चावून जबडा दुखला, आणि त्याच्या खाली अजून एक मेसेज, रेसिपीत तर १५ मिनिटांत होतं असं लिहिलं होतं गं.

ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. दिवसभर काम करून दमून आलेला माणूस स्वतःसाठी काहीतरी गरम ताजं करायला उभा राहतो आणि ताटात असलं काहीतरी येतं, मग दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरून मागवायला लागतो. आणि त्याची चूक काय, तर काहीच नाही, रेसिपीत लिहिलेलं सगळं त्याने केलं होतं. मी पण जवळजवळ दोन वर्षं हे असंच करत होते, दर वेळी सॉस बदलून बघायचे, मसाला वाढवून बघायचे, आणि दर वेळी तेच करडं पाणी. सॉसमध्ये काही नव्हतंच. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, त्याला लिंक पाठवता येईल आणि अजून कोणाला उपयोग झाला तर फारच छान.

सगळ्यात आधी पाण्याचं. कच्च्या बीफमध्ये वजनाच्या साधारण ७० ते ७५ टक्के पाणीच असतं आणि सिमला मिरची, मशरूम, ब्रोकोली वगैरेंमध्ये तर ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुम्ही पॅनमध्ये बीफ आणि भाजी टाकता तेव्हा खरं तर बरंचसं पाणीच टाकत असता, फक्त ते दिसत नाही. आता पाणी काही १०० अंशांच्या वर जात नाही, उकळत राहतं, आणि मांसाला तो जो तपकिरी खरपूस रंग येतो, वास सुटतो, त्यासाठी मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. त्याला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात, १९१२ मध्ये लुई-कामीय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती पहिल्यांदा मांडली, प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर गरमीत एकत्र आली की होते ती. पॅनच्या तळाला पाणी साचलेलं असेपर्यंत मांस १०० अंशांवरच अडकून बसतं, मग तुम्ही गॅस कितीही मोठा करा. ते भाजलं जातच नाही, उकडलं जातं.

आणि ते पाणी पटकन आटत का नाही याचं गणित मला फार उशिरा कळलं, पण कळल्यापासून मी कधीही पॅन भरला नाही. १ ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३३५ ज्यूल (उष्णता मोजायचं एकक) लागतात, पण तेच उकळतं १ ग्रॅम पाणी वाफ करून उडवायला २,२६० ज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे पावणेसात पट! समजा पॅनमध्ये ५० ग्रॅम पाणी सुटलं, जे काही फार नाही, तीन-साडेतीन मोठे चमचे, आणि पॅनला खरोखर १ किलोवॅट उष्णता मिळतेय असं धरलं, तर ते आटायला जवळजवळ २ मिनिटं लागतील आणि त्या २ मिनिटांत बाकी काहीही भाजलं जाणार नाही. तोपर्यंत पातळ कापलेलं मांस पूर्ण शिजून पुढे गेलेलं असतं, आकसतं, आकसलं की अजून पाणी सोडतं. भावाच्या पॅनमध्ये ४०० ग्रॅम बीफ होतं आणि वर तेवढीच भाजी. सुटका होणारच नव्हती.

यावर उपाय एकच, घाणे काढायचे. तळताना आपण कढईत मावेल तेवढंच टाकतो ना, एक घाणा काढला की दुसरा, अगदी तसंच. २८ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये मी एका वेळी २०० ग्रॅमच्या वर बीफ टाकत नाही, तुकड्या-तुकड्यात थोडी जागा दिसली पाहिजे म्हणजे वाफेला बाजूने निघून जायला वाट मिळते. घाण्यामागे वेळ किती जास्त लागतो, तर दीड-दोन मिनिटं. ती वाचवायला जाऊन आपण सगळं घालवतो.

कान उघडे ठेवा हे मी भावाला दहा वेळा सांगितलं असेल. गरम पॅनमध्ये कोरडं मांस पडलं की चर्र असा एकसारखा तीक्ष्ण आवाज येतो, आणि पाणी साचायला लागलं की तोच आवाज जाड होतो, मग बुडबुड, मग खदखद. डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं. आवाज जाड व्हायला लागला की जे आहे ते लगेच ताटलीत काढा, पॅन पुन्हा तापू द्या, मग परत टाका. एवढ्याने पण पुष्कळ वाचतं.

आता मांस कुठलं घ्यायचं. पटकन होणाऱ्या या प्रकाराला फ्लँक, स्कर्ट (हे दोन्ही पोटाकडचे भाग), सरलॉइन, रम्प (पाठीच्या मागच्या बाजूचे) किंवा अंडरकट (कण्याखालचा मऊ भाग) यातलं काहीही चालतं, मला स्वतःला फ्लँक आवडतं कारण त्याला चव जास्त आहे, अंडरकट मऊ असतं पण चवीला जरा मिळमिळीत. पायाकडचं, पांढरे पडदे आणि शिरा भरपूर असलेलं मांस मात्र घेऊ नका, ते वाईट असतं म्हणून नाही, त्याचं कोलॅजन, म्हणजे त्या पडद्या-शिरांमधलं चिवट प्रथिन, मंद आचेवर तासन्‌तास शिजल्यावर मऊ होतं, २ मिनिटांत नाही होणार. ते वेगळ्या दिवसाचं जेवण आहे.

आणि कापण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण निम्मं काम तिथेच होतं. मांसाचा तुकडा ३० ते ४० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, दगड नाही करायचा, फक्त बाहेरून कडक आणि दाबलं तर आत थोडं दबेल इतपत. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि मग एक पट्टी जाड एक पातळ असं होतं, थोडं गारठलेलं मांस मात्र छान एकसारखं कापलं जातं. बोर्डवर ठेवलं की लगेच सुरी लावू नका, आधी बघा. लाकडाच्या फळीवर जशा लांबच लांब रेषा असतात तशा मांसात पण असतात, फ्लँकमध्ये तर अगदी स्पष्ट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या, बोटाने थोडं ताणलं की अजून उठून दिसतात. त्या रेषा म्हणजे स्नायूंचे धागे. सुरी त्यांना आडवी पडली पाहिजे. आडवी कापलेली पट्टी उभी धरून बघितली तर कापलेल्या बाजूला बारीक बारीक ठिपके दिसतात, धाग्यांची टोकं असतात ती, आणि तसे ठिपके दिसले की समजायचं बरोबर कापलंय. जाडी साधारण ३ मिलिमीटर. धागे ३ मिलिमीटरचेच उरले की दातांना फारसं काही करावं लागत नाही, आणि रेषांच्या दिशेने कापलं तर तेच धागे ५-५ सेंटीमीटर लांब राहतात, मग ते तोडायचं काम दातांवर येतं.

याची खात्री मला एका चुकीतून झाली. एकाच तुकड्याचा अर्धा भाग मी एका दिवशी नीट आडवा कापून केला होता आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी, फोनवर बोलता बोलता, न बघता रेषांच्या दिशेनेच कापला. तेच मांस, तोच पॅन, सॉस पण तोच, वेळ पण तोच. आदल्या दिवशीचं दाताखाली सहज तुटत होतं आणि हे दोरी चावल्यासारखं. त्या दिवसापासून मी मांस कापताना फोन घेत नाही.

कच्च्या मांसाचा बोर्ड आणि सुरी वेगळी, किंवा मग आधी सगळ्या भाज्या कापून घ्या आणि मांस शेवटी, नंतर बोर्ड, सुरी, हात साबणाने स्वच्छ. मांस नळाखाली धुवू नका, शिंतोडे सगळ्या सिंकभर आणि ओट्यावर उडतात आणि त्याच्यावरचे जंतू पण तिथे जातात, शिवाय आपण पाण्याशी भांडतोय आणि आपणच अजून पाणी घालतोय. ओलं वाटलं तर पेपर नॅपकिनने टिपून घ्या, बस.

आता खाण्याचा सोडा. हे ऐकून भाऊ म्हणाला "ताई मांसात सोडा?" हो, मांसात सोडा, आणि यानेच सर्वात मोठा फरक पडतो. ४०० ग्रॅम पट्ट्यांना पाव छोटा चमचा सोडा, तो १ मोठा चमचा पाण्यात विरघळवून हाताने सगळीकडे चोळायचा आणि १५-२० मिनिटं ठेवून द्यायचं. सोडा अल्कधर्मी असतो, त्याने मांसाच्या पृष्ठभागाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, वाढतो, आणि मग शिजताना प्रथिनं एकमेकांना जितकी करकचून आवळतात तितकी आवळत नाहीत, त्यामुळे आतलं पाणी पिळून बाहेर येत नाही, आतच राहतं. बाहेर आलेलं पाणी आपला शत्रू आणि आत राहिलेलं पाणी म्हणजेच तो रसरशीतपणा, एकच पाणी आहे ते. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, जास्त झाला तर साबणासारखी चव लागते आणि मांस नको इतकं गिळगिळीत होतं. आणि बेकिंग पावडर घालू नका, डबे सारखे दिसतात म्हणून सांगतेय, त्यात आम्ल पण असतं, हे काम तिच्याने होत नाही.

त्या २० मिनिटांत भाज्या कापून होतात. मग त्याच मांसात १ मोठा चमचा सॉय सॉस, २ छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, १ छोटा चमचा तेल आणि थोडी मिरपूड घालून नीट चोळायचं. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर बसतो तुकड्यावर, तो बाहेरचा ओलावा शोषून घेतो आणि आतलं पाणी पण थोडं अडवतो, वर नंतर सॉस त्याला धरून राहतो. चिनी स्वयंपाकात या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत व्हेल्व्हेटिंग म्हणतात, मखमलीसारखं करणं, आणि पारंपरिक पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग घालून तुकडे आधी कोमट-गरम तेलातून नाहीतर उकळत्या पाण्यातून काढतात. वर्किंग डेला मला ते जमत नाही, सोडा आणि कॉर्नफ्लोअर एवढ्यावर माझं काम भागतं. आल्याच्या रसात पण मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, अननसात आणि पपईत तर फारच जोरदार असतं, पण अननस घालून विसरलात तर वरचा थर पिठासारखा होतो, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

सॉस. वाटीत २ मोठे चमचे सॉय सॉस, १ मोठा चमचा ऑयस्टर सॉस, १ छोटा चमचा साखर, १ छोटा चमचा व्हिनेगर, दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि ५ मोठे चमचे पाणी किंवा स्टॉक. मीठ अजिबात नाही! सॉय सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, इथे तर मांसातला धरून ३ चमचे झाले आणि वर ऑयस्टर सॉस. हे तिघांत वाटलं जातं म्हणून ठीक आहे, पण एकट्याने सगळं खाणार असाल तर कमी सोडियमवाला सॉय घ्या. आणि एक गैरसमज, बाटलीवर लाइट सॉय लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मीठ कमी असा नाही, ते रंगाला फिकं आणि पातळ असतं, चवीला खारटच. डार्क सॉय घट्ट आणि काळसर, थोडं गोडसर, ते अर्धा चमचा घातलं तर रंग छान येतो, पण नसलं तरी काही अडत नाही.

भाज्यांचं म्हणाल तर ४००-५०० ग्रॅम, आणि तीन प्रकारांच्या वर नको. लोक फ्रीजमध्ये आहे नाही ते सगळं टाकतात, मग प्रत्येकाची शिजायची वेळ वेगळी आणि सांभाळता सांभाळता काहीतरी लिबलिबीत होतंच. एक कडक, एक मऊ आणि एक पात किंवा पाला असं माझं ठरलेलं आहे, म्हणजे ब्रोकोली, सिमला मिरची आणि कांद्याची पात, किंवा गाजर, मशरूम आणि पाकचोई ही चिनी पालेभाजी. भाज्या आधीच धुवून सुती कापडावर पसरून ठेवा, मांस मुरतंय तोपर्यंत वाळतात. ब्रोकोलीच्या तुऱ्यांमध्ये पाणी लपून बसतं, तुरे उलटे धरून झटका, किती निघतं बघा. गाजराचे काप तिरके आणि पातळ, तिरके कापले की पॅनला टेकणारा भाग मोठा होतो. फ्रोजन भाज्या वापरायच्या असतील तर आधी पूर्ण वितळवून दाबून पाणी काढा, बर्फासकट पॅनमध्ये टाकलं की पॅन तिथल्या तिथे गार. मशरूम असतील तर ते सगळ्यांत आधी, एकटे, मीठ सॉस काहीही न घालता, कारण त्यांचं पाणी आटेपर्यंत त्यांना रंगच येत नाही.

गॅस पेटवायच्या आधी सगळं ओट्यावर हाताशी पाहिजे, मांस, भाज्या ज्या क्रमाने जायच्या त्या क्रमाने, आलं लसूण बारीक कापलेलं, सॉसची वाटी आणि त्यात चमचा, एक रिकामी ताटली, आणि भात शिजवून किंवा नूडल्स उकडून निथळत ठेवलेले. एकदा सुरू झालं की काही शोधायला वेळ मिळत नाही. रेसिपीतली १५ मिनिटं ही इथून पुढची असतात, आणि खरं तर इथून पुढे १०-१२ मिनिटंच लागतात, पण फ्रीजरचा वेळ सोडूनही इथवर यायला मला ३५-४० मिनिटं लागतात आणि ते कोणी लिहीत नाही. भावाला हेच आधी कुणी सांगायला हवं होतं. घाई असेल त्या दिवसासाठी मी मांस आदल्या रात्रीच कापून, सॉय आणि कॉर्नफ्लोअर लावून, झाकून फ्रीजमध्ये ठेवते, मग संध्याकाळी खरोखर १५-२० मिनिटांत जेवण होतं. सोडा मात्र रात्रभर ठेवत नाही, तेव्हा तो घालतच नाही.

पॅन. लोखंडी किंवा कार्बन स्टीलचा असेल तर उत्तम, स्टीलचा जाड बुडाचा पण चालतो. मोठ्या गॅसवर रिकामा २-३ मिनिटं तापू द्या आणि पाण्याचा एक थेंब टाकून बघा, तो फसफसून उडून गेला तर अजून वेळ आहे, आणि पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळत पॅनभर पळायला लागला की तापला. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो, लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला लायडेनफ्रॉस्ट इफेक्ट म्हणतात. मग तेल, २ मोठे चमचे, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड, जे लवकर धुरकट नाही होत. तिळाचं भाजलेलं तेल इथे घालू नका, ते जळतं आणि कडू होतं, ते सगळं झाल्यावर गॅस बंद करून वासापुरतं १ छोटा चमचा.

नॉनस्टिक असेल तर वरचं सगळं विसरा. नॉनस्टिक पॅन मोठ्या गॅसवर रिकामा कधीही तापवायचा नाही, २६० अंशांच्या पुढे त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि त्यातून निघणारा धूर चांगला नाही. तेल घालूनच, मध्यमपेक्षा थोडा मोठा गॅस, आणि घाणे दोनच्या ऐवजी तीन. रंग जरा कमी येईल पण पाणी सुटणार नाही.

पहिला घाणा. पट्ट्या बोटांनी सुट्या करत पॅनमध्ये एकेक पसरा आणि मग हात मागे. हेच लोकांना जमत नाही. नावात स्टर आहे म्हणून पहिल्या सेकंदापासून ढवळत सुटतात. ४५ सेकंद ते १ मिनिट काही हलवायचं नाही, खालची बाजू भाजून आली की आपोआप तळ सोडते, कडेने तपकिरी दिसायला लागते, मग उलथन्याने पलटून अजून अर्धं मिनिट, आणि मध्ये कुठे कुठे गुलाबी दिसत असतानाच ताटलीत. शेवटी सॉसमध्ये परत जाणार आहे ते, तिथे पूर्ण शिजतं. पॅन पुन्हा तापू द्या, थोडं तेल, दुसरा घाणा.

मग त्याच पॅनमध्ये कडक भाजी. ब्रोकोली असेल तर मिनिटभर परतून १ मोठा चमचा पाणी घालून झाकण ठेवते, १ मिनिट, आणि झाकण काढून ते पाणी पूर्ण उडू देते. हो, इथे मी मुद्दाम पाणी घालते, देठ शिजायला वाफ लागते, पण ते मोजून घातलेलं आहे आणि पॅनमध्ये तेव्हा मांस नाही. मग सिमला मिरची १ मिनिट, करकरीत राहिली पाहिजे. भाजी कडेला सारून मधल्या जागेत थोडं तेल, त्यात आलं आणि लसूण, १५-२० सेकंद, वास आला की लगेच सगळं एकत्र. लसूण सुरुवातीलाच घालायची सवय असेल तर सोडा ती, एवढ्या धगीवर तो अर्ध्या मिनिटात करपतो आणि सगळा पदार्थ कडवट होतो.

आता मांस परत आत, ताटलीत सुटलेला रस पण आत. सॉसची वाटी पुन्हा तळापासून ढवळा, कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं, आणि सॉस पॅनच्या कडेने गोल ओता, मध्ये नाही, म्हणजे गरम कडेला लागताच तो उकळतो. अर्ध्या मिनिटात दुधट दिसणारा सॉस पारदर्शक आणि चकचकीत होतो, प्रत्येक तुकड्याला चिकटतो. तो बदल बघायला मला अजूनही आवडतं. जे काही थोडं पाणी उरलेलं असतं ते कॉर्नफ्लोअरने धरलं, आता ते ताटात वाहणार नाही. गॅस बंद, कांद्याची पात, तिळाचं तेल.

हॉटेलसारखा धुरकट वास घरी येत नाही अशी तक्रार असते. त्या वासाला कँटोनीज भाषेत वोक हेइ म्हणतात, वोकचा श्वास. घरातला मोठा बर्नर साधारण ३-४ किलोवॅटचा आणि तिथले वोकचे बर्नर २५-३० किलोवॅटचे किंवा त्याहून मोठे, ज्वाळा वोकच्या कडेवरून आत येतात, उडालेलं तेल पेट घेतं. ते घरी करायला जाऊ नका. घरी आपल्याकडे मऊ मांस, करकरीत भाजी आणि खरपूस कडा आहेत आणि तेवढं पुष्कळ आहे. गोल बुडाचा वोक पण घरच्या गॅसवर किंवा इंडक्शनवर उलट त्रासाचा, तळाचा छोटासा भागच तापतो, त्यापेक्षा सपाट बुडाचा रुंद पॅन बरा.

उरलं तर २ तासांच्या आत फ्रीजमध्ये, ३ दिवसांत संपवा, आणि गरम करताना पण पॅन नीट तापवून थोडं थोडंच.

काल रात्री भावाने पुन्हा केलं. फोन त्याने ओट्यावर बरणीला टेकवून ठेवला होता, मला दिसत काहीच नव्हतं, फक्त छत आणि चिमणीचा कोपरा, पण आवाज स्पष्ट येत होता. पॅन तापतोय, थेंब टाकला, "पळतोय गं ताई थेंब", मग तेल, मग चर्र. मी गप्प बसून ऐकत होते आणि तो पण गप्प होता, मनातल्या मनात सेकंद मोजत असणार. आवाज तसाच राहिला. मग उलथन्याचा खडखड, ताटलीचा आवाज, आणि "दुसरा घाणा टाकू?" "पॅन तापू दे आधी." "बरं."

जेवताना त्याने फोटो पाठवला, कडा तपकिरी, सॉस चकचकीत, ताटलीच्या तळाला पाणी नाही. खाली लिहिलं होतं, मांस एक नंबर, पण ब्रोकोलीचे देठ कच्चे राहिले. बरोबर आहे, तुऱ्यांबरोबर जाड देठ तसेच टाकले होते त्याने. देठाचं वरचं जाड साल सोलून आतला कोवळा भाग गाजरासारखा तिरका पातळ कापायचा आणि तुऱ्यांच्या अर्धं मिनिट आधी टाकायचा. तेवढं त्याला सांगायचं राहिलंय, आत्ता करते मेसेज.